पिठातलं पाऊल

बालाघाट,
१० नोव्हेंबर २०२४

मंजूताई,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सॲपवर केलंस, आणि भाऊजींच्या नंबरावर लावला तर त्यांनाही पढवून ठेवलंस की हिचा आवाज आला की नेटवर्क गेल्यासारखं करायचं. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर निदान वाचून फाड.

आधी कामाचं. माय जाऊन वर्ष होतंय, तिची बरसी बारा जानेवारीला आहे, रविवार आहे. तू यावंस असं बाबांना वाटतं. तसं ते म्हणालेले नाहीत, तू ओळखतेस त्यांना. पण परवा तुझी खाट मागच्या खोलीतून ओढत आणून उन्हात टाकली. मी विचारलं, ही कुणासाठी? तर म्हणाले, "खाटेले ऊन दाखवून राह्यलो. खाट काय कोनाची असते?"

आता माझ्या पायांचं. तू ते अजून पाहिलेच नाहीस, न पाहताच रागावली आहेस, म्हणून सांगते. नागपूरला माझं ऑपरेशन झालं त्याला वर्ष झालं. गुडघ्याखालची हाडं कापली, पायांभोवती लोखंडी कड्या बसवल्या, आणि त्यांचे नट रोज थोडे थोडे फिरवत माझे फेंगडे पाय सरळ केले. मे महिन्यात कड्या निघाल्या आणि मी घरी आले. पूर्वी मी उभी राहिले की दोन पायांमधून मांजर आरामात निघून जायचं. आता पोस्टकार्डसुद्धा जाणार नाही. मायचे पाय तसेच होते, तुझे तसेच आहेत. आपण तिघी बाजारातून निघालो की मागून कुणीतरी बाबांचं नाव घेऊन म्हणायचंच, "वो देखो, चैतराम की तीनों कमानें चलीं." तू हसायचीस. मला कधी हसू आलं नाही.

पायांबद्दल मी माफी मागणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. दुखत नव्हते, कुठला आजार नव्हता, लग्नासाठीही नव्हतं. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, "तकलीफ क्या है?" मी म्हटलं, दिसतात, हीच तकलीफ आहे. पार्लर माझं, दिवसभर आरशासमोर उभी मी. दुसऱ्या बायकांच्या भुवया नीट करायच्या आणि खाली नजर गेली की आपल्या कमानी. एवढंच कारण होतं आणि मला ते पुरलं.

माय गेली तेव्हा मी तिथे कड्यांमध्ये अडकलेली होते, येता आलं नाही. त्यावर तुला जे बोलायचं ते तू बोललीस. मी त्यावर काही लिहीत नाही.

बाकी घरात सगळं ठीक आहे. गल्लीतले लोक वाट्टेल ते बोलतात, तुझ्यापर्यंत आलं तर लक्ष देऊ नको.

तुझी
पौर्णिमा


२४ नोव्हेंबर २०२४

मंजूताई,

तुझं पत्र मिळालं. "मले पत्र लिहू नको" एवढंच कळवायला तू पाकीट आणलंस, तिकीट लावलंस, पोस्टात गेलीस. म्हणजे माझं वाचलंस तर. मला बरं वाटलं.

लोक बोलतात असं लिहिलं होतं. माय घरात फिरते असं आता बाबाच बोलायला लागलेत. बरसीला त्यांनी हट्टा गावाकडच्या हिरालाल गुनियाला, भुतंखेतं उतरवणाऱ्याला, बोलावलं आहे. मायला बांधायला. तिला नारळात उतरवायचं, नारळ लाल कापडात गुंडाळायचा, जंगलात एखादं झाड बघून खिळा ठोकायचा, म्हणजे ती पुन्हा घरात फिरणार नाही. हिरालाल माणूस वाईट नाही. एकदा येऊन घर बघून गेला, चहा प्यायला, मायच्या खोलीच्या उंबऱ्याला हात लावून पाया पडला. बाबांना म्हणाला, "बात साफ है काका. जिसके आटे में इंसान का पाँव उठे, वो घर छोड़ के गया नहीं."

सगळं त्या पावलापाशी येऊन थांबतं. नागपूरच्या एका नर्सला मी हे समजावून सांगितलं होतं. म्हटलं, आमच्यात माणूस गेलं की दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, जिथे जीव गेला तिथे तांदळाचं पीठ पसरतात, दिवा ठेवतात आणि दार ओढून घेतात. सकाळी उघडून बघायचं. पाखराची नखं दिसली तर पाखराच्या जन्माला गेलं, सरपटल्यासारखं दिसलं तर सापाच्या. बहुतेक वेळा उंदीर फिरून गेलेला असतो आणि लोक आपल्याला हवं ते बघून घेतात. मायच्या पिठात उंदीर फिरला नव्हता. माणसाचं पाऊल होतं. एकच, डावं, आणि आपल्या घरातल्या बायकांचं पडतं तसं बाहेरच्या कडेवर दाबलेलं. शीलाकाकूने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मी दवाखान्याच्या पलंगावर, दोन्ही पायांत कड्या, आणि हातात मोबाईलवर मायचं पाऊल. नर्सने तोंडावर हात ठेवला. मग तिने माझे नट फिरवले, कारण नट फिरवायची वेळ झाली होती.

त्याच दिवशी मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "माय तुह्ये जुने पाय पाहून राह्यली घरात. भेटले का, जाईन थे." आणि ठेवून दिलास. त्यानंतर आवाज नाही तुझा.

बाबाही आता तेच मानतात. मायला वाकड्या पायांची पोरगी हवी आहे, सरळ पायांची ही कोण ते तिला ओळखू येत नाही, म्हणून ती जात नाही. मी म्हटलं, "बाबा, मायले बांधू नका ना." ते म्हणाले, "मंग काय करू? जितेपनी पायपीट, मरून बी पायपीटच का तिले?"

ताई, तू ये आणि त्यांना थांबव. माझं ते ऐकत नाहीत. मी बाहेरून आले की चाहूल लागून दाराकडे बघतात, मग माझं चालणं ऐकतात आणि मान खाली घालतात. जन्मभर राइस मिलच्या मशिनी कानाने ओळखणारा माणूस तो. माझी ही चाल त्याला परक्या बाईची वाटते.

पौर्णिमा


८ डिसेंबर २०२४

मंजूताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मला आता सवय झाली, मी भिंतीशीही बोलते.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मी टाळली. ऐकू मलाही येतं.

दुपारी पार्लर बंद करून जेवायला येते ना, तेव्हा. स्वयंपाकघरातून मोरीकडे जाणारी चाल. एक पाय टेकतो, दुसरा जरासा घासत येतो, मायचा यायचा तसा. पहिल्यांदा वाटलं शेजारची म्हातारी भिंतीपलीकडे काही सरकवते आहे. मी उठून बघून आले. म्हातारी मुलीकडे वारासिवनीला गेलेली, घराला कुलूप. परत येऊन ताटावर बसले. बाबांच्या हातातला घास हातातच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आवाज थांबल्यावर दोघंही जेवायला लागलो. वरण गार झालं होतं.

मायच्या चपला अजून मोरीजवळ आहेत. बाहेरच्या कडा झिजून कागद झाल्यात, आतल्या कडा नव्याकोऱ्या. एक दिवस घालून बघितल्या. त्या मला बाहेर ढकलतात, ताई. मी भिंत धरली म्हणून वाचले. पूर्वी मायच्या चपला मी सर्रास घालून जायचे आणि ती अंगणात अनवाणी उभी राहून माझ्या नावाने ओरडायची.

माझं स्वतःचंही काही ठीक नाही. उठल्या उठल्या पाऊल टाकते तेव्हा पाय अजून जुनेच असतात, जमीन मात्र नव्या जागी असते. दिवसा मी ताठ चालते, बायका वळून बघतात, मला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण आरशात मागून येणारी बाई बघितली की क्षणभर कळत नाही की ही मीच. मला भीती वाटते.

आणि अजून एक, जे मी कुणालाच सांगितलं नाही. नागपूरला जायच्या आधी मी मायला सांगितलं तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. रागावली नाही. सूप खाली ठेवलं, पाय समोर पसरले, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि स्वतःच्या पायांकडे बघत बसली. "इतले वाईट हायेत का हे?"

मी म्हटलं, तुझ्या पायांचं कोण बोलतंय, मी माझ्या बोलते.

"तुह्ये म्हंजे माह्येच ना. मीच देल्ले. आता मले वापस करून राह्यली का?"

आणि हसली. ती हसली म्हणून मीही हसले. मग तिने मला मेथीचे लाडू बांधून दिले, हाडांना बरे म्हणून. ताई, माय फिरते की नाही देव जाणे, पण ते वाक्य या घरात फिरतं. मला ते रोज लागतं. मला माझे पाय आवडतात आणि मला मायची फार आठवण येते, आणि या दोन गोष्टी एका अंगात कशा ठेवायच्या ते मला कुणी सांगत नाही.

पुनी


२१ डिसेंबर २०२४

मंजूताई,

हे पत्र एकटी असताना वाच. भाऊजींना दाखवू नको.

पिठाचा तो फोटो माझ्या फोनमधून उडाला होता. शीलाकाकूच्या मागे लागून परत मागवला आणि पहिल्यांदा शांतपणे बघितला. दवाखान्यात बघितला तेव्हा औषधांची गुंगी आणि डोळ्यांत पाणी. या वेळी मोठा करून बघितला. टाच पुसट, बाहेरची कड खोल, आणि पुढे बोटं. पाच.

मायच्या डाव्या पायाला चार बोटं होती, ताई. करंगळी बैलबंडीच्या चाकाखाली गेली ती आपल्या जन्माआधी. आपण लहानपणी तिच्या पायाशी झोपून "पाचवं कुठं गेलं" म्हणून छळायचो आणि ती दर वेळी नवीन थाप मारायची.

मी काकूकडे गेले. म्हटलं, काकू, मायचं बोट कुठून आलं? काकू तयारच होती. "अवं, मेल्यावर सारं भरून येते. तिथं अधुरं कोनी नाही राह्यत, बेटा."

मला ऐकून आधी बरंच वाटलं. मायला तिचं बोट मिळालं म्हणून घरी येताना डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये एका नवरीच्या पायाला आलता लावत होते आणि हात मध्येच थांबला. तिथे जर हरवलेलं बोट परत देतात, तर पाय का नाही सरळ करून देत? करंगळी जोडणाऱ्याला कमानी दिसल्या नाहीत? मी दोन्ही पायांची हाडं कापून घेतलेली बाई आहे, यातलं मला कळतं. नवरी म्हणाली, "दीदी, क्या हुआ?" मी म्हटलं, कुछ नहीं, पाँव सुंदर है तुम्हारा.

बाहेरच्या कडेवर पडणारं, पाच बोटांचं, डावं पाऊल. तिघींपैकी माय तर गेलेली. माझे पाय नागपूरला, कड्यांमध्ये. त्या दिवशी या घरात तसं पाऊल एकाच बाईचं होतं.

मी रागावले नाही. म्हणजे काल रागावले होते, दोन कपबशा फोडल्या. आज नाही. का केलंस, हेही विचारत नाही. फक्त बाबांना सांग. मी सांगितलं तर त्यांना वाटेल ही आपल्या पायांवरचं बालंट टाळायला बोलते. तुझ्या तोंडून ऐकलं तर ते मानतील. नाहीतर बारा तारखेला आपला बाप आपल्या मायला खिळा ठोकून येईल, आणि तुला ते तिरोडीत सासरी बसून ठाऊक असेल.

पुनी


५ जानेवारी २०२५

मंजूताई,

बाबांनी नारळ आणला. स्वतः बाजारात गेले. दुकानदाराने दिलेला पहिला घेतला नाही, एकेक उचलून कानाशी धरून हलवत होते, आतलं पाणी ऐकत होते. मी सोबत होते. दुकानदार कंटाळून म्हणाला, "काका, फोड़ना ही तो है." बाबा म्हणाले, "फोडाचा नाही." आणि जो निवडला तो पिशवीत न टाकता दोन्ही हातांत धरून घरी आणला.

मी त्यांच्या मागून चालत होते आणि रस्त्यात रडले. त्यांना कळलं नाही.

तुला ये म्हणून लिहायला बसले आहे, पण खरं सांगू का? तू येऊ नयेस असंही मला वाटतं. पाऊल तुझं असेल तर मग दुपारी चालतं कोण? आजकाल मी पार्लर लवकर बंद करते. गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणते. ताटं वाढून ठेवते आणि वाट बघते. चाल आली की माझ्या पोटात ऊन पडल्यासारखं होतं. तिला मी भेटले नाही, खांदा द्यायला नव्हते, तोंड बघायला नव्हते, पण रोज दुपारी ती स्वयंपाकघरातून मोरीकडे जाते आणि मी घरात असते. हे मला सोडवत नाही.

पण बांधलेली माय मला नको. झाडाला ठोकलेली तर नकोच. त्यापेक्षा नसलेली बरी, असं मी मनाला सांगून बघते. मन ऐकत नाही. तरी तू ये.

पुनी


१९ जानेवारी २०२५

मंजूताई,

तू परत गेलीस त्याला आठवडा झाला. त्या दिवशी तू रडत होतीस, तुला अर्धंमुर्धं दिसलं असेल. म्हणून काय झालं ते लिहून ठेवते, तुझ्यासाठी आणि माझ्यासाठीही.

हिरालाल अंगणात बसला होता, लाल कापडावर नारळ, बाबांचा हात त्या नारळावर. काकू, दोन शेजारी आणि मी. तेवढ्यात गल्लीतून चाल आली. एक पाय टेकणारा, एक घासत येणारा. सगळ्यांनी ऐकली. काकूने पदर तोंडाशी नेला. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि दाराकडे बघून म्हणाले, "कमला?"

इतक्या मऊ आवाजात त्यांनी मायला जिवंतपणी कधी हाक मारली नव्हती.

आणि दारात तू. हातात बसमधली पिशवी, चप्पलसुद्धा काढली नव्हतीस. म्हणालीस, "मी होय, बाबा. मंजू." आणि तिथेच उभी राहून सगळं सांगितलंस, बसायचीही वाट पाहिली नाहीस. "थे पिठातलं पाऊल माहं होतं. सकाळी पह्यले दार मीच उघडलं. काहीच नव्हतं, बाबा. पीठ कोरं होतं. दिवा इझून गेलता. तुमी बाहेर बसून राह्यलते, माह्या तोंडाकडे पाहून राह्यलते. तुमाले काय सांगू, माय कुठीच नाही गेली, काहीच नाही झाली म्हनून? मले वाटलं, मानसाचं पाऊल दिसन तर तुमाले बरं वाटन. म्हनून पाय ठेवला."

बाबांनी तुला विचारलं, "कोरं होतं?"

तू म्हणालीस, "हौ."

हिरालालने त्याचं सामान गोळा केलं. जाताना नमस्कार केला. "फिर मेरा यहाँ काम नहीं, काका." नारळ बाबांनीच फोडला. सगळ्यांना एक एक तुकडा दिला, हिरालालच्याही हातावर ठेवला, आणि स्वतःचा तुकडा दातांनी हळूहळू खात राहिले.

बसस्टँडवर तू मला म्हणालीस, "तुह्यावर राग नव्हता पुने. मी पाय ठेवला अन् सारे तुह्यं नाव घेऊ लागले. मी बी घेतलं. मंग मांग येता नाही आलं." मग तू खाली वाकून माझी सलवार जराशी वर केलीस आणि कड्यांच्या तारांच्या खुणांवरून बोट फिरवलंस. "दुखते का?" मी म्हटलं, थंडीत दुखतं. तू म्हणालीस, "सुंदर दिसतात." खोटं बोललीस की खरं, कळलं नाही, पण मी ते घेतलं.

बाबा आता नीट जेवतात. मी दारातून आत आले की मान खाली घालत नाहीत. परवा न बघताच म्हणाले, "पुनी आली का?" माझी ही चाल त्यांच्या कानाला सापडली असावी. मी चप्पल काढता काढता तिथेच बसून राहिले.

दुपारी आता कुणी चालत नाही. बारा तारखेपासून एकदाही नाही. बाबांनी घास हातात धरून थांबणं सोडलं. मी अजून थांबते. वरण गार होतं, बाबा म्हणतात, "खाय ना वं," आणि मी खाते.

तू खरं बोललीस हे बरं केलंस. मीच मागितलं होतं, तुला दोष नाही. पण ताई, लोक म्हणतात माय गेल्या वर्षी जानेवारीत गेली. तुमची गेली असेल. माझी गेल्या रविवारी गेली, तू दारात उभी राहून "कोरं होतं" म्हणालीस तेव्हा.

या वेळी मी घरी होते.

तुझी
पुनी